उंची

मराठी समीक्षेत काही शब्द इतके रुळले आहेत की ती रूपके आहेत याचाच आपल्याला विसर पडतो. ‘लेखनाची उंची’, ‘कवितेने गाठलेली उंची’, ‘भाषेला वरच्या पातळीवर नेणे’ हे शब्दप्रयोग आपण वर्गात वापरतो, परीक्षणात वापरतो, उत्तरपत्रिकेत दिसले तर त्यांना गुणही देतो. पण ही उंची कशापासून मोजायची? उचलले नेमके काय, आणि जे उचलले गेले नाही त्याचे काय झाले? हे प्रश्न मला पुस्तके वाचताना पडले नाहीत. पाटण तालुक्यात मामांच्या घरी एक जुनी महिंद्रा जीप दोन इंचांनी उंच करताना ते पडले, आणि तेव्हापासून ‘उंची’ हा शब्द मला पूर्वीच्या सहजतेने लिहिता येत नाही.

मामा एस.टी.च्या आगारात फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. त्यांची थोडी जमीन गावाच्या वर, सड्याच्या उतारावर आहे. जांभ्याचा खडक, मध्ये एक ओढा आणि ओढ्याच्या दोन्ही काठांना उभी दरड. जीप ओढ्यात उतरताना तिचे नाक काठावर घासे आणि चढताना पोट टेकत असे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी घडवलेल्या विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू झाली ती चाळीसच्या दशकाच्या अखेरीस. मामांची जीप त्याच घराण्यातली, चारही चाकांवर पाटे असलेली. ‘पाटे’ हा त्यांचाच शब्द. एकावर एक रचलेल्या, धनुष्यासारखा बाक दिलेल्या पोलादी पट्ट्या. परिभाषेच्या हौसेने मी एकदा ‘निलंबन प्रणाली’ असे म्हणून पाहिले, तेव्हा मामा म्हणाले, “निलंबन माणसाचं होतं. गाडीला पाटे असतात.” एस.टी.त नोकरी केलेल्या माणसाच्या लेखी या शब्दाचा दुसरा अर्थ संभवतच नव्हता.

काम सुरू करण्याआधी त्यांनी मला जीपखाली आडवे व्हायला लावले. “सगळ्यात खाली काय हाय ते आधी बघ.” सगळ्यात खाली होता अ‍ॅक्सलच्या पोटातला डिफरन्शिअलचा फुगवटा. मग त्यांनी जे सांगितले ते ऐकायला सोपे होते, पण मला पचायला वेळ लागला. पाटे बदलले की वर उचलली जाते ती चेसिस, तिच्यावरचे इंजिन आणि बसणारी माणसे. अ‍ॅक्सल चाकांना जखडलेला असतो, तो असतो तिथेच राहतो. गाडी चार इंच वर न्या की सहा इंच, तो फुगवटा जमिनीपासून पूर्वीइतक्याच अंतरावर असणार. दोन चाकोऱ्यांच्या मधला दगड त्याला लागत होता, तो यापुढेही लागणार. ओढ्याच्या काठावर नाक आणि पोट वाचेल, एवढाच लाभ. तळ वर न्यायचा असेल तर मोठे टायर हवेत, आणि तिथेही टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर अ‍ॅक्सल उचलला जातो एकच इंच. म्हणजे पाटे वाढवण्याचा एक मोठा उपयोग हाच, की पुढे कधी मोठा टायर बसवायचा झाला तर त्याला चाकावरच्या मडगार्डखाली जागा व्हावी.

उंची देण्याचे मार्ग तीन होते आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा होता. पहिला स्वस्तातला: पाट्याचे एक टोक चेसिसला ज्या दुव्याने टांगलेले असते, तो शॅकल लांब करायचा. परंतु दुसरे टोक जागच्या जागी असल्यामुळे शॅकल दोन इंच वाढवला तर मधोमध बसलेल्या अ‍ॅक्सलपाशी मिळतो एकच इंच, शिवाय अ‍ॅक्सल स्वतःभोवती किंचित कलतो. दुसरा मार्ग म्हणजे संचात एक जादा पाटा घालणे. उंची मिळते, पण संच ताठर होतो. चाकाने खड्ड्यात उतरावे आणि दगडावर चढावे यासाठी लागणारी लवचिकता जाते. खडकाळ वाटेवर तेच खरे बळ असते. तिसरा मार्ग कष्टाचा: पाटे उतरवून, तापवून, त्यांना नव्याने बाक देऊन आणायचे. मामांनी तिसरा निवडला आणि पाटे कराडहून बाक देऊन आणले. “दोन इंच बास. जास्त उंची बघायला बरी दिसते,” एवढेच त्यांचे स्पष्टीकरण.

प्रत्यक्ष काम दोन दिवस चालले. आदल्या रात्री गंजलेल्या नटांवर डिझेल सोडून ठेवले होते. मागच्या चाकांना ठोकळे लावले, पुढची बाजू जॅकने उचलून चेसिसखाली स्टँड दिले, आणि दुसरा जॅक अ‍ॅक्सलखाली धरला, कारण अ‍ॅक्सल लोंबकळला तर त्याचा सगळा भार ब्रेकच्या रबरी नळीवर येतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातही घालायचा नाही, हा मामांचा नियम. शॉकअप सुटले, यू-बोल्ट सुटले, जुने पाटे जमिनीवर आले. जुने यू-बोल्ट मला धडधाकट वाटत होते. मामांनी ते बाजूला टाकले: एकदा आवळून ताणलेला यू-बोल्ट पुन्हा विश्वासाने आवळता येत नाही.

नवे पाटे बसल्यावर मला वाटले, काम संपले. मामांच्या लेखी तिथे त्याचा दुसरा, मोठा भाग सुरू होत होता. चेसिस वर गेली म्हणून तिच्यापासून अ‍ॅक्सलपर्यंत जाणारी प्रत्येक गोष्ट आता अपुरी किंवा वाकडी झाली होती. ब्रेकच्या नळ्या लांब हव्यात. शॉकअप लांब हवेत, नाहीतर चाक पूर्ण खाली येण्याआधी तेच ताणले जातील. स्टिअरिंगचा दांडा पूर्वीपेक्षा तिरपा झाला होता. प्रोपेलर शाफ्टचे तर एक शास्त्रच आहे. त्याच्या दोन टोकांना दोन सांधे असतात. शाफ्ट तिरपा असला की पहिला सांधा एकसारखी गती पुढे देत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा घटते. दुसरा सांधा तोच दोष उलट्या दिशेने करतो आणि अखेर चाकाकडे जाणारी गती समान होते. अट एवढीच, की दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असावेत. अ‍ॅक्सल थोडा जरी कलला तरी हा हिशेब मोडतो आणि गाडी थरथरू लागते.

यावरचा उपाय म्हणजे पाचर. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये दोन-तीन अंशांची धातूची पाचर सरकवायची आणि कललेला अ‍ॅक्सल पूर्वस्थितीला आणायचा. पुढच्या अ‍ॅक्सललाही तिची गरज पडते, कारण सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो म्हणून चाक आपोआप सरळ होते, तसाच कल जीपच्या पुढच्या चाकांना असतो. तो कमी झाला की गाडी रस्त्यावर भरकटते. व्यवहारात आपण ‘पाचर मारणे’ हा वाक्प्रचार दुसऱ्याच्या कामात विघ्न आणण्यासाठी वापरतो. इथे पाचरीने विघ्न निवारले. रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४ च्या मोटारसायकलवरील प्रसिद्ध पुस्तकात निवेदक मित्राच्या महागड्या गाडीचे सैल हॅन्डल घट्ट करण्यासाठी बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी सुचवतो आणि मित्र दुखावतो. त्याला पट्टीच्या जागी डबाच दिसत असतो. मामांच्या हातातली पाचर पाहताना तो प्रसंग मला नव्याने कळला.

या उंचीची आणखी दोन देणी आहेत. एक भौतिक. गाडी कलंडण्याचा धोका चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागून ढोबळमानाने मोजतात. समजा, चाकांमधले अंतर ४८ इंच आणि गुरुत्वमध्य २४ इंचांवर आहे. गुणोत्तर १ येते. गुरुत्वमध्य २६ इंचांवर गेला की ते ०.९२ होते. चाके आणि अ‍ॅक्सल खालीच राहतात म्हणून प्रत्यक्ष वाढ दोन इंचांहून कमी भरते, पण दिशा तीच. दुसरे देणे कायद्याचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीवर बोट ठेवले. म्हणून ही जीप आता शेताच्या हद्दीतच फिरते. मामांना त्यात अन्याय वाटत नाही. रस्त्यावर दुसरी माणसेही असतात, असे ते म्हणतात.

हे सगळे साहित्याच्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण सांगायला हवे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झालाच. त्या दिवसांतली भाषणे आणि लेख वाचताना भाषा ‘उंचावल्या’चा उल्लेख वारंवार आला, आणि प्रत्येक वेळी मला जीपखाली आडवे होऊन पाहिलेला तो फुगवटा आठवला. दर्जाने चेसिस वर गेली. जी भाषा जमिनीला सर्वांत जवळ असते, म्हणजे शाळेत पहिलीत शिकवली जाणारी, आगारात आणि गॅरेजमध्ये कामाच्या गरजेतून घडणारी, तिचे जमिनीपासूनचे अंतर तेवढेच आहे. मधला दगड तिलाच लागतो. तिला वर आणण्यासाठी चाके मोठी करावी लागतील, म्हणजे शाळा, शिक्षक, छापील पुस्तके, आणि तिथेही दोन खर्चल्यावर एकच हाती येईल.

जादा पाटा घालून मिळवलेली उंचीही आपल्या ओळखीची आहे. समीक्षेच्या वाक्यात एकेक जड संज्ञा वाढवत नेली की परिच्छेद उंच दिसतो आणि कृतीतल्या खाचखळग्यांतून जाताना वाकेनासा होतो. तेव्हा विद्यार्थ्याच्या निबंधात एखाद्या लेखकाने ‘उंची गाठली’ असे वाचले की मी आता समासात विचारते: काय वर गेले? जोडलेल्या कोणत्या गोष्टी त्यामुळे ताणल्या गेल्या? तळ कुठे आहे? प्रश्न कोरडे आहेत, पण त्यांची उत्तरे शोधायला विद्यार्थ्याला पुन्हा मूळ पुस्तकाकडे जावे लागते.

कामाच्या शेवटच्या टप्प्यातली एक गोष्ट अजून मनात आहे. पाट्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. गाडी स्टँडवर अधांतरी असताना त्यांचे बोल्ट घट्ट करायचे नसतात, कारण मग रबर त्या अधांतरी स्थितीत जखडले जाते आणि गाडी खाली आली की पिळवटून लवकर फाटते. मामांनी बोल्ट हातानेच सैलसर बसवले, स्टँड काढले, जीप चाकांवर उभी केली, आत बसून चार वेळा हलवली. तिचे सगळे वजन पाट्यांवर आल्यानंतर ते पुन्हा खाली शिरले आणि एकेक बोल्ट आवळत गेले.