हुकुमावर सही कुणाची?

हुकूमशाहीविरुद्धच्या बंडावरचा चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक बहुधा दोनच गोष्टींवर वाद घालतो: बंड पटले का, आणि खलनायकाची धास्ती वाटली का. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ घ्या. त्यातला मुखवटेवाला कुणाला क्रांतिकारक वाटतो, कुणाला नुसता माथेफिरू. चान्सलर झालेल्या जॉन हर्ट यांनीच ऑर्वेलच्या कादंबरीवरच्या 1984 सालच्या चित्रपटात चिरडला जाणारा विन्स्टन स्मिथ साकारला होता, याची आठवण जाणकार आवर्जून करून देतात. चित्रपटाचा आस्वाद हा माझ्या अभ्यासाचा विषय, आणि या सगळ्या मतांमध्ये मला एक प्रश्न कायम गैरहजर दिसतो. लंडनची गर्दी निःशस्त्र चालत येते, सैनिक गोळी झाडत नाहीत, पार्लमेंट उडते आणि चित्रपट संपतो. दुसऱ्या दिवशी हुकुमांवर सही कुणी करायची? पुढे तो मुखवटा जगभरच्या आंदोलनांत दिसला आणि प्रत्येक अधिकृत मुखवट्यामागे स्वामित्वाचे पैसे एका बड्या चित्रपट कंपनीकडे गेले. सहीची जागा रिकामी राहत नाही, एवढे त्यावरून कळावे.

सत्यजित राय यांच्या ‘हीरक राजार देशे’ (1980) या चित्रपटाला लोक मुलांचा म्हणतात. त्यातला राजा पाठशाळा बंद करतो आणि प्रजेचे मेंदू धुणारे यंत्र बनवून घेतो. शेवटी त्याच यंत्रात राजाला घातले जाते आणि तो स्वतःच आपला पुतळा पाडायला दोर ओढू लागतो. आपण हसतो, टाळ्या वाजवतो. पण राजाला कुणी काही पटवून दिलेले नसते. यंत्र तेच, फक्त आता बंडखोरांच्या ताब्यात. राय यांच्यासारख्या काटेकोर दिग्दर्शकाच्या हातून हे नजरचुकीने घडले, असे मला वाटत नाही. प्रेक्षकाच्या मात्र ते सहसा लक्षात येत नाही.

मराठीत हा प्रश्न ‘घाशीराम कोतवाल’ने थेट विचारला. विजय तेंडुलकरांचे हे नाटक 1972 साली रंगमंचावर आले आणि 1976 मध्ये, म्हणजे ऐन आणीबाणीत, त्यावर चित्रपट निघाला. त्यात घाशीराम झाले होते ओम पुरी आणि पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस झाले होते मोहन आगाशे. मूळ घटना 1791 ची. पुण्यात जमावाने कोतवालाला दगडांनी ठेचले. नाटकातही तेच घडते. कोठडीत कोंडलेली माणसे मरतात, लोक खवळतात, नाना हुकुमावर सही करतो आणि घाशीराम मरतो. मग नाना संकट टळल्याचे जाहीर करून उत्सवाचा आदेश देतो. बंड पूर्णपणे यशस्वी होते, आणि घाशीरामाला कोतवाल करणारा हात जागचा हलत नाही.

यावर प्रेक्षकांनी काय म्हटले? नानांची बदनामी झाली, एका जातीला हिणवले. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ज्यांच्या पूर्वजांचे नाव घेतले जाते त्यांना ते लागणारच. पण तेंडुलकरांचे म्हणणे होते की त्यांना इतिहास लिहायचा नव्हता, घाशीराम घडतात कसे हे दाखवायचे होते. वाद नानांच्या चारित्र्यावर रंगला आणि सही करणारा हात पुन्हा नजरेआड झाला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दडपलेल्या माणसाला आशा हवी असते. बंड करूनही काही बदलत नाही असे दाखवणे म्हणजे त्याला घरी बसायला सांगणे. मला उलट वाटते. लंडनचा स्फोट पाहून प्रेक्षक समाधानाने घरी जातो, कारण त्याचे काम पडद्यावर उरकलेले असते. घाशीरामाच्या शेवटी ते उरकत नाही. नाना अजून समोर उभा असतो.

शिवाय त्या प्रयोगात ब्राह्मणांची एक ओळ आहे, जी पाठ फिरवून उभी राहिली की भिंत होते आणि पलीकडे नाना काय करतो ते झाकते. घाशीरामाच्या मरणाची मागणी करणारे पुढे तेच असतात, त्याच वेशात. तोंड आपल्याकडे केले की जमाव, पाठ केली की पडदा.