शॉकअपराव

शॉकअपराव राहतात चाकाच्या आड, चिखलात आणि काळोखात. सीट कव्हरचा रंग ठरवायला दोन रविवार घालवणारा गाडीमालक यांचं तोंडही कधी बघत नाही. त्याचं त्यांना काही नाही. त्यांचा राग आहे तो स्प्रिंगवर. गाडीचं वजन ती पेलते, कौतुक तीच घेते. पण एकदा उडाली की उडतच राहते. तिला आवरायचं काम यांच्याकडे.

रावांच्या पोटात तेल, तेलात पिस्टन. पिस्टनला बारीक भोकं आणि भोकांवर पातळ पोलादी चकत्या. स्प्रिंग उसळली की पिस्टन तेलातून रेटला जातो, तेल त्या चकत्या वाकवत कसंबसं पलीकडे पोचतं आणि सगळा उत्साह उष्णतेत जिरतो. खराब रस्त्यावरून आल्या आल्या नळीला हात लावून बघा, चांगली तापलेली असते. दाबताना राव जेवढं अडवतात, त्याहून जास्त उलगडताना अडवतात. बसायला त्यांची फारशी ना नसते. उठायचं मात्र यांना विचारून.

घराणं जुनं. शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएल घराण्याचा मूळ पुरुष क्लॉड फॉस्टर अमेरिकेत क्लीव्हलँडला आधी मोटारींचे भोंगे विकायचा. भारतात हे घराणं 1961 साली आलं. भोंग्याचा गुण मात्र रावांमध्ये उतरला नाही. ते ओरडत नाहीत, आणि तिथेच घोटाळा होतो.

स्वभावाने राव मध्यममार्गी. पिस्टनचा दांडा अर्धा आत, अर्धा बाहेर. वर-खाली दोन्हीकडे जागा असली की खूश. मग कुणीतरी स्विफ्ट ‘लो’ करतो. 2018 च्या स्विफ्टचं पोट कंपनीच्या हिशेबाने जमिनीपासून 163 मिलिमीटर वर. आखूड स्प्रिंगा पडतात, गाडी 40 मिलिमीटर खाली येते, टायर आणि मडगार्डमध्ये दोनच बोटं मावतात, फोटो झकास येतात. (गाडीच्या रचनेत परस्पर केलेले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला चालत नाहीत, पण फोटो काढताना कलम कुणाला आठवतंय?) शॉकअप मात्र जुनेच. त्यांचा दांडा आता गाडी नुसती उभी असतानाच जवळपास त्या 40 मिलिमीटरनी जास्त आत बुडालेला. मागे आई-वडील आणि डिकीत गावचे तांदूळ आले की उरलीसुरली जागाही संपते आणि रबरी बंप स्टॉपर बोलतो : धाप्! शिवाय आखूड स्प्रिंग जास्त कडक असते, तिची उसळी जुन्या चकत्यांना आवरत नाही. गाडी डुलते, आपटते आणि शिव्या खातात राव. ‘शॉकअपच बोगस निघाले!’ त्यांची जागा कुणी खाल्ली, हे कुणी विचारत नाही.

गतिरोधकांविषयी त्यांचं मत पक्कं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने आखून दिलेला गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच, पण 3.7 मीटर पसरट. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2.45 मीटर, म्हणजे गाडी मधोमध आली तेव्हा चारही चाकं त्याच उंचवट्यावर असतात आणि पोटाखाली तो जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. लो केलेली गाडीही सुखरूप जाते. सोसायटीने उरलेल्या काँक्रीटमध्ये भागवलेला उंबरठा मात्र चाकांच्या मध्ये पुरा उभा राहतो. तिथे मालक गाडी तिरकी घेतो, एकेक चाक चढवत. पोट वाचतं, दणका बसतो तो एका वेळी एकट्या रावांना.

दुखणं अंगावर काढायची त्यांना वाईट खोड आहे. एका दिवसात कधी जात नाहीत. इतके हळूहळू थकतात की मालकाला वाटतं, रस्तेच बिघडलेत. म्हणून अधूनमधून बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडावा. एकदा वर येऊन गाडी गप्प झाली तर ठीक, डुलत राहिली तर समजावं. नळीवरचा पुसट ओलसरपणा म्हणजे घाम, तो चालतो. ओघळ आला आणि त्यावर धुळीचा काळा थर बसला, की सील गेलं. टायरवरून तळवा फिरवला आणि ठरावीक अंतराने खळगे लागले, तर राव चाकाला रस्त्यावर नीट टेकवत नाहीत, असा संशय घ्यायला हरकत नाही.

नवे राव बघायला पुण्यात नाना पेठ गाठावी. काउंटरवर प्रश्न दोनच : ‘गाडी कुठली? मॉडेल कुठलं?’ स्थळ जमवताना उंची विचारायची पद्धत आहे, इथे ती नाही. आपणच सांगायचं : किती मिलिमीटर खाली, स्प्रिंग कुणाची, मागच्या सीटवर रोज माणसं किती. खाली केलेल्या गाडीला आखूड देहाचेच राव लागतात. दांड्याला पुन्हा दोन्हीकडे जागा मिळते ती त्यामुळे. जर्मन बिलस्टाइन घराण्यात याची रीतसर वाटणी आहे. बी-4 साध्या उंचीचे, बी-6 त्याच उंचीचे पण करारी, बी-8 मुद्दाम आखूड केलेले. अर्थात प्रत्येक गाडीच्या मापाचे मिळतीलच असं नाही. ‘गॅसवाले द्या’ म्हणणारेही भेटतात. गॅस म्हणजे नायट्रोजन. तेलाला फेस येऊ नये म्हणून तो दाबाने भरतात. फेस आला की तेलाचं ताक होतं आणि पिस्टनला कुणी अडवत नाही. गेलेली उंची गॅस परत आणून देईल, ही आशा सोडावी.

कोनीच्या पिवळ्या भाऊबंदांत पुष्कळांना कडक-मऊ करायची सोय असते. मालक पहिल्या दिवशी सगळ्यात कडकवर लावतो. मग आजी मागच्या सीटवर बसायला नकार देते आणि सेटिंग मुकाट्याने मऊकडे सरकतं, ते कायमचं. माझं विचाराल तर रोज ऑफिसला न्यायची गाडी मुळात 25 मिलिमीटरवर थांबवावी. अशा मालकाशी राव बरे वागतात.

मानपान मात्र फार. एकटे येत नाहीत. पुढचे दोन नाहीतर मागचे दोन, जोडीनेच. दुहेरी नळीचे राव दुकानात आडवे पडून असतील तर आतली हवा भलतीकडे गेलेली असते, म्हणून बसवण्याआधी उभे धरून चार-पाचदा पूर्ण दाबून सोडावे लागतात. चकचकीत दांड्याला पकड लावलेली मुळीच खपत नाही. एक चरा उठला की तो दर फेरीला सील कुरतडतो. रबरी बुश असलेले बोल्ट चाकं लटकत असताना पक्के आवळले, तर गाडी खाली उतरताच रबराला पीळ बसतो, म्हणून शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करून करायचं. घाईतला मिस्त्री हे सगळं ऐकून मान हलवतो आणि पकड उचलतो.

निवृत्त रावांची रवानगी भंगारात होते, पण तिथे ते स्वस्थ बसत नाहीत. कुणीतरी नळी उघडून नवं सील घालतो, मिळेल ते तेल भरतो, वेल्डिंग मारतो, वरून काळा रंग. आठ दिवसांत राव पुन्हा काउंटरवर, तरुण होऊन, निम्म्या किमतीत. घेण्याआधी नळीच्या तोंडाशी बोट फिरवून बघा. रंग तिथे जरा जास्तच जाड असतो.