विझिटवर नको, कागदावर न्या

टोकावड्यात, कल्याणहून माळशेजला जाणाऱ्या रस्त्यावर, माझ्या मामेभावाचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल, शटर, पत्र्याच्या शेड. हिशेब मी बघतो. गेल्या वर्षी शारजाला एका नातेवाइकाच्या भागीदारीत वर्कशॉप टाकायचं ठरलं. घरात आनंद झाला. आपल्या कोकणी मुसलमानांना आखात नवं नाही, पण आजवर आपण तिकडे नोकरीला जात आलो. मालक म्हणून जाणारा आमच्या घरातला हा पहिलाच.

"दुकानातली दोन पोरं नेतो," तो म्हणाला. "माझ्या हाताखाली तयार झालीत. सध्या विझिटवर नेऊ, व्हिसा-तिकिटाचा खर्च सहा महिन्यांच्या पगारातून कापू."

मी वही बंद केली. त्याच्या मनात खोट नव्हती. सगळे असंच करतात, म्हणून तोही बोलला.

दोघंही जवळच्या वाडीतली, दहावी न झालेली. अशांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो. आखातात नोकरीला जाण्याआधी त्यांना सरकारच्या 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' कार्यालयाची परवानगी लागते. ही तरतूद १९८३ च्या कायद्यातली. त्यासाठी नोकरीचा करार आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा लागतो. अपघाती मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं, तर दहा लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. विझिटवर नेलं की हे सगळं सुटतं. तिथे काम करणंही बेकायदा. वेल्डिंग करताना पोरगा शिडीवरून पडला, तर कुठल्याच कागदावर तो कामगार नसतो.

"आणि पगारातून कापायचं म्हणतोस," मी म्हटलं, "तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च मालकाचा आहे. कामगाराकडून घेता येत नाही. पासपोर्टही ठेवून घेता येत नाही."

"पासपोर्ट नाही ठेवला तर पळून जातील."

"टोकावड्यात कोणाचं आधार कार्ड ठेवून घेतोस का?"

तो गप्प झाला.

इथे पोराचं बिनसलं, तर तो एसटीत बसून तासाभरात घरी जातो. तिथे त्याची खोली, व्हिसा, पगार, परतीचं तिकीट, सगळं मालकाच्या हातात. माणूस तोच, मालक तोच, पण मालकाची ताकद दहापट होते. म्हणून जबाबदारीही वाढते. दुबईत १९८४ पासून व्यवसाय करणारे, 'मसाला किंग' म्हणून ओळखले जाणारे धनंजय दातार यांनी २०२० च्या महामारीत अडकलेल्या भारतीयांच्या तिकिटांचा खर्च उचलला होता. त्यांतले बरेच त्यांचे नोकरही नव्हते. आपण निदान आपल्या नोकरांपुरतं तरी बघावं.

आपल्याला तर हा धडा घरातूनच मिळालेला आहे. हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन प्रेषित (स.) शामला गेले, तेव्हा ते दुसऱ्याच्या व्यापारासाठी परदेशी गेलेले होते. मालकिणीने विश्वासाने पाठवलं, ठरलेला मोबदला दिला. विश्वास दोन्ही बाजूंनी होता.

संयुक्त अरब अमिरातीत नोकरीचा प्रस्ताव कामगाराला कळेल अशा भाषेत द्यावा लागतो. मान्य भाषांत हिंदी-उर्दू आहेत, मराठी नाही. म्हणून करार आला तेव्हा मी दुकानात बसून दोघांना मराठीत वाचून दाखवला. मूळ पगार किती, ओव्हरटाइम कसा, सुट्टी कधी. मूळ पगारावरच पुढे ग्रॅच्युइटी ठरते, हेही सांगितलं. एकाचा बाप शेजारी बसला होता. म्हणाला, "भाऊ, मला वाचता येत नाही. तुम्ही वाचलंत, बस्स."

या वाक्यानंतर माझी झोप उडाली.

परवानगी यायला वेळ लागला, मामेभाऊ चिडचिड करत राहिला. शेवटी एकच गेला. दुसऱ्याने आईसाठी नको म्हटलं आणि तो दुकानातच राहिला, त्याच पगारावर, मामेभावाने तोंडही न वाकडं करता.

गेलेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिलं विचारलं, "पासपोर्ट कुठे आहे?"

"माझ्या पेटीत आहे, भाऊ. चावी माझ्याकडे."

मग विचारलं, "जेवलास का?"