दोन पाइपांच्या मधली माती

आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यातलं कॅसलडरमॉट लहान आहे, पण 1264 साली आयर्लंडची आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी संसद इथंच भरली होती. चर्चच्या आवारात गोल मनोरा आहे, ग्रॅनाइटचे दोन उंच कोरीव क्रॉस आहेत, व्हायकिंग धाटणीचा थडग्याचा दगड आहे. अशा गावात केबलसाठी चर खणायचा म्हटलं तरी शेजारी पुरातत्त्वज्ञ उभा लागतो. अशाच एका कामावर ती पुरातत्त्वज्ञ मी होते.

डांबर फोडून झालं की डिगरचं दातांचं बकेट उतरवून सपाट धारेचं लावायचं. दात थर विस्कटतात, धार ते सोलते. चांगला ड्रायव्हर एका वेळी चार-पाच सेंटिमीटरच माती काढतो, आणि मातीचा रंग बदललेला माझ्याआधी त्याला कळतो. या कामाचं निम्मं श्रेय मी ड्रायव्हरलाच देते.

बहुतेक वेळ खडी, विटांचे तुकडे आणि जुन्या पाइपांचे चरच दिसतात. गावाखालचं मध्ययुग संपलं ते असंच, थोडं पाण्याच्या पाइपाने, थोडं टेलिफोनच्या तारेने. म्हणून उरलेलं मोलाचं. एका दुपारी अशाच दोन जुन्या चरांच्या मध्ये जेमतेम हातभर रुंद काळपट पट्टा दिसला. हात वर करून काम थांबवलं, ट्रॉवेल घेऊन खाली उतरले. कोळशाचे कण, कालवांची शिंपली, एक हाड आणि जाडसर खापर. चिखल पुसला तसं त्यात अभ्रक चमकलं. इथल्या लेन्स्टर भागातल्या मध्ययुगीन स्वयंपाकाच्या भांड्यांची ती खूण. एका बाजूला काजळीही होती. डेक्कन कॉलेजात खापरं धुण्यात माझी वर्षं गेली, तरी चुलीवर काळवंडलेलं भांडं हाती आलं की अजूनही धडधडतं. समुद्र इथून बराच लांब, तरी कालवं कुणीतरी इथवर आणून खाल्ली होती.

पट्ट्याचे फोटो काढले, छेद कागदावर उतरवला, खोली मोजली. मग इंजिनिअरशी बोलून केबलची नळी आधीच उकरलेल्या चरात सरकवली. पट्ट्यावर कापड अंथरून वर खडी टाकली. अहवालात त्याची जागा नोंदवली आहे; पुढचा पाइप टाकणाऱ्याला ती खणण्याआधीच ठाऊक असेल.