बारीक दिवा

शासकीय सेवेत ३४ वर्षे काढलेल्या माणसाला मधली वाट फारशी ठाऊक नसते. नस्तीवर 'स्वीकृत' लिहावयाचे की 'अस्वीकृत', एवढाच प्रश्न रोज समोर येतो. घरातील विजेच्या बटणाचेही तसेच. दाबले की उजेड, पुन्हा दाबले की अंधार. त्यात काही उणे आहे, असे साठी उलटेपर्यंत आम्हांला कधी वाटले नव्हते.

इंदूरला रामबागेतील आमच्या जुन्या घरात आई माजघरालगतच्या खोलीत निजते. तिचे वय ८८. रात्रीतून दोन-तीनदा तिला उठावे लागते. दिवा लावून ठेवला तर डोळ्यांवर उजेड येऊन तिला झोप लागत नाही. मालवला तर ती अंधारात चाचपडते. झिरोचा बल्ब लावून पाहिला, पण त्यात तिला उंबरठा दिसेना. गेल्या पावसाळ्यात त्याच उंबरठ्याला अडखळून ती पडली. हाड मोडले नाही हे दैव; परंतु तेव्हापासून आम्हां उभयतांची झोप उडाली.

त्या दिवसांत आई रोज रात्री एकच वाक्य बोले, "अरे, दिवा जरा बारीक कर." विजेचा दिवा बारीक कसा व्हावा? आम्ही "हो" म्हणत असू आणि सरळ बटण बंद करीत असू. वयोमानाने तिचे मन माहेरी, मंडलेश्वरच्या घरात, कंदिलांच्या काळात रेंगाळू लागले आहे, असे आम्ही ठरवूनच टाकले. डॉक्टरांनाही तसे सांगून आलो.

एके दिवशी पंख्याच्या दुरुस्तीसाठी आलेल्या वायरमनसमोर ती तेच बोलली. रामबागेतच वाढल्यामुळे त्याला मराठी उमजते. तो हसला नाही. म्हणाला, "बाबूजी, माताजी डिमर माँग रही हैं."

महाराणी रोडवरून डिमर आणला. मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून घेऊन त्याने जुने बटण काढले आणि त्या जागी फिरवावयाची चकती बसविली. चकती फिरवताच दिवा लुकलुकू लागला. "वाऱ्यात धरलाय का कोणी?" आईने विचारले.

वायरमनने उलगडा केला. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. डिमर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा काही भाग कापतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. जुन्या बल्बची तार मधल्या क्षणात तापलेलीच राहते, त्यामुळे ही काटछाट डोळ्यांना जाणवत नाही. एलईडी बल्बच्या पोटात मात्र स्वतःचे सर्किट असते आणि साध्या बल्बमधील सर्किटला ही तुटक वीज मानवत नाही. त्यासाठी 'डिमेबल' असे छापलेला बल्बच घ्यावा लागतो आणि डिमरही त्याला जुळणारा असावा लागतो. आमचा डिमर चालण्याजोगा होता. बल्ब बदलावा लागला.

त्या रात्री आईचा हात धरून चकतीवर ठेवला. काही समजावून सांगावे लागले नाही. कंदिलाची चावी फिरवावी तशी तिने ती दोन बोटांनी हळूहळू फिरवली. उंबरठा दिसावा, पण डोळ्यांना उजेड टोचू नये, अशा जागी ती आपोआप थांबली. तिला नेमके काय हवे होते, ते तिला पहिल्यापासून ठाऊक होते. आम्हीच त्या मागणीवर न वाचता 'अस्वीकृत' लिहीत आलो होतो.

"रॉकेलचा वास नाही, तेवढं बरं आहे," एवढे बोलून ती कुशीवर वळली.

डॉक्टरांना आम्ही जे सांगितले होते, ते पुढच्याच भेटीत दुरुस्त करून आलो.