अम्मीचे रोजे आणि पेशींची चूल

कपाशीचा हंगाम संपला की आमच्या वडनेर भोलजीत घराघरामागे पऱ्हाटीचा ढीग लागतो. गॅस आला, तरी आंघोळीचे पाणी आम्ही अजून चुलीवरच तापवतो. पऱ्हाटी भडकन पेटते, तशीच भडकन विझते, आणि निम्म्याहून जास्त ऊब अंगणातल्या हवेलाच मिळते. भाकरीचेही शरीरात असेच जळण होते का, हा प्रश्न आमच्या घरात अम्मीच्या रोजांमुळे निघाला. अम्मीला बारा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. वय पासष्टच्या पुढे, आणि रोजा सोडायचे नाव काढलेले तिला खपत नाही.

घरातली मुलगी दहावीला. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातला जीवनप्रक्रियेचा धडा आम्ही सगळ्यांनी मिळून वाचला. घरात बोलणे उर्दूमिश्रित, धडा मराठीत. त्यामुळे 'तंतुकणिका' म्हणजे काय ते तिनेच दादीला चित्र काढून सांगितले.

सेहरीची ज्वारीची भाकर आतड्यात फुटून शेवटी ग्लुकोज होते आणि रक्तात उतरते. पेशीत गेल्यावर आधी पेशीद्रव्यात त्याचे दोन तुकडे पडतात. त्यातून ऊर्जा अगदी थोडी निघते, एटीपीचे दोन रेणू. पुढचे मोठे काम तंतुकणिकांत. तिथे श्वासातला ऑक्सिजन लागतो आणि उरतो तो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, म्हणजे चुलीतून निघते तेच. फरक असा की पेशी जळण एकदम पेटवत नाही. एकेका पायरीने ऊर्जा काढते आणि एटीपीत भरून ठेवते. जुन्या पुस्तकांत एका ग्लुकोजमागे 38 एटीपी लिहिलेले असत. आताचे अभ्यासक 30 ते 32 धरतात.

एटीपीला 'ऊर्जेचे चलन' म्हणतात, आणि ते नाव आम्हाला पटले. घरात धान्याची पोती असली तरी बसचे तिकीट ज्वारी देऊन मिळत नाही. सुटे पैसे लागतात. हे सुटे पैसे शरीरात एका वेळी शंभर ग्रॅमसुद्धा नसतात, पण तेच पुन्हा पुन्हा वापरात येऊन दिवसभरात जवळपास माणसाच्या वजनाइतकी उलाढाल होते. हा पदार्थ 1929 साली सापडला. जर्मनीत कार्ल लोहमान यांना, आणि अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्के व भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बारावांचे नाव आपल्या मुलांना माहीत नसते, याचे वाईट वाटते.

आता रोजाचे. सेहरीनंतर काही तास खाल्लेल्या अन्नावर निघतात. मग यकृत आपल्या कोठारातले ग्लायकोजेन सोडू लागते. ते साधारण शंभर ग्रॅम. दुपारनंतर स्नायू चरबीवर भागवू लागतात. पण मेंदूला चरबी थेट जाळता येत नाही, आणि रक्तातल्या लाल पेशींत तर तंतुकणिकाच नसतात. त्यांना ग्लुकोजच हवे. निरोगी माणसात रक्तातली साखर उतरली की इन्सुलिन आपोआप कमी होते आणि कोठार उघडते. अम्मीची गोळी मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी. पोट रिकामे आहे की भरलेले, हे गोळी पाहत नाही.

म्हणून रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी गोळीची मात्रा आणि वेळ बदलली, आणि सांगितले की साखर 70 च्या खाली गेली तर, इफ्तारला कितीही थोडा वेळ उरला असला तरी, रोजा तिथेच सोडायचा. 300 च्या वर गेली तरीही तेच. बोट टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, हे इमामसाहेबांनी सांगितल्यावरच अम्मीने हात पुढे केला.

2025 च्या रमजानचे दहा रोजे नीट गेले. अकराव्याला दुपारी चारच्या सुमारास अम्मी असरच्या वुजूला उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. अंगाला गार घाम. मशीनवर आकडा 64. "दोन-अडीच तासच राहिले, निघून जातील," म्हणाली. तिचे बोलणे अडखळत होते. मेंदूला जळण कमी पडत होते ते तिथेच दिसत होते. आम्ही साखरपाणी केले. तिने तोंड फिरवले. तेव्हा नात जवळ बसली आणि म्हणाली, "दादी, आजाऱ्याला नंतर रोजे पुरे करायची सवलत कुरआनातच आहे ना? तूच शिकवले होतेस." अम्मी प्याली. पंधरा मिनिटांनी आकडा 92 झाला, आणि मग ती रडली.

उरलेले रोजे त्या महिन्यात धरायचे नाहीत असे ठरले. इफ्तार मात्र रोज तिनेच मांडला. डॉक्टरांनी पुढे ती गोळी बंद करून दुसरी दिली, जिने एकटीने साखर सहसा इतकी उतरत नाही. डिसेंबरात, दिवस लहान आणि ऊन सौम्य असताना, त्यांच्या सल्ल्याने अम्मीने कजा धरायला सुरुवात केली. आठवड्यातून एक, दुपारी दोनदा तपासणी करून. 19 पैकी 6 झाले आहेत. मशीनच्या पट्ट्यांची डबी तिने जानमाजशेजारी ठेवली आहे, आणि आकडा वहीत ती स्वतः लिहिते, उर्दूत.