झाकली मूठ

ही म्हण मला कधीच फारशी रुचली नाही, आणि तरीही आज सकाळपासून ती मनाच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसली आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुठीत बहुधा काही नसते, पण ती मिटलेली आहे तोवर पाहणाऱ्याने तिचे मोल वाटेल तितके धरावे आणि उघडणाऱ्याने मात्र अब्रूला मुकावे, असा तिचा रूढ अर्थ. म्हणजे मूळची ही दिवाळखोराच्या घरची म्हण. उत्तम शुक्रवार काल उलटला, पुनरुत्थानाचा सण उद्यावर आला, आणि मधल्या या शनिवारी, ज्याला स्वतःचे असे काही कामच नाही अशा दिवशी, एवढ्या थोर आशेच्या उंबरठ्यावर हिने येऊन बसावे, हे औचित्याला धरून नाही. पण म्हणी औचित्य पाहून येत नाहीत.

या शनिवाराविषयी शुभवर्तमानकारांनी जवळजवळ मौनच पाळले आहे. लूक एवढेच सांगतो की, स्त्रियांनी सुगंधी द्रव्ये सिद्ध केली आणि शब्बाथ म्हणून त्या दिवशी विश्रांती घेतली. मत्तयाच्या वृत्तांतात मात्र त्या दिवशी एक कचेरीचे काम पार पडले आहे: मुख्य याजक पिलाताकडे गेले, मृताने तीन दिवसांनी उठण्याची भाषा केली होती याची त्यांनी त्याला याद दिली, बंदोबस्ताचा हुकूम मिळवला, आणि कबरेच्या धोंडेवर मोहोर करून पहारा बसवला. मला या प्रसंगाचे नवल वाटते ते असे की, त्या दिवशी मृताचे शब्द कोणी गंभीरपणे स्मरणात ठेवले असतील, तर ते त्याच्या वैऱ्यांनी. शिष्य जीव मुठीत धरून कोठेतरी लपले असावेत. आणि ज्या स्त्रिया अखेरपर्यंत क्रुसापासून हलल्या नाहीत, त्यांनी तयार केलेली द्रव्ये प्रेतासाठी होती, भेटीसाठी नव्हती. त्यांच्यापाशी निष्ठा होती, आशा नव्हती; आणि पहारेकऱ्यांना नेमणाऱ्यांपाशी, भीतीच्या उलट्या अंगाने का होईना, आशा होती. मग त्या शनिवारी वाट पाहत होते तरी कोण? आम्ही पाहतो ती वाट निराळी. आम्हांला रविवार ठाऊक आहे. आमची मूठ उघडून झाल्यावर पुन्हा मिटलेली आहे.

उमापुरातली चैत्राची दुपार अशा विचाराला फार अनुकूल. ऊन ओट्याच्या कडेपर्यंत येते आणि तेथून पुढे माणसाला हलू देत नाही. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान, पौर्णिमेच्या पाठचा रविवार पाहून येतो, आणि बीड जिल्ह्यात हेच दिवस ऊसतोडीला गेलेली माणसे परतण्याचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल अंगावर घेऊन नवराबायकोची जोडी निघते; हिशेबात त्या दोघांचा मिळून एक कोयता धरतात. गावात मागे राहतात म्हातारी माणसे, शाळेतली लेकरे आणि कुलपे. शेजारच्या म्हातारीला मी सकाळी सहज विचारले, तर ती म्हणाली, "पट्टा पडला म्हणत्यात, गुरुजी. आज येतील न्हाईतर उद्या." हेच ती चार दिवसांपूर्वीही म्हणाली होती, आणि त्यात तिला काही विसंगत वाटत नव्हते. तिला रविवार ठाऊक नाही. ती रस्त्याकडे तोंड करून लसूण सोलते, एवढेच. आणि मराठीत वाट पाहणे म्हणजे अखेर वाटेकडेच पाहणे, येणाऱ्याकडे नव्हे.

पुन्हा त्या म्हणीकडे येतो. लाखाचीच का नाही, सव्वा लाखाची का? आपल्याकडे दक्षिणा द्यायची ती सव्वा रुपया, नवस बोलायचा तो सव्वा शेराचा, आणि शेरास कोणी भेटला तर तो सव्वाशेर. पूर्ण आकडा आपल्याला अशुभ वाटतो, कारण पूर्ण म्हणजे संपलेले. त्यावर पावली ठेवली की हिशेब उघडा राहतो, पुढच्या रुपयाचे दार किलकिले होते. मग ज्याने ही म्हण प्रथम उच्चारली त्याने लाखाची फुशारकी मारताना वरचा पाव कशासाठी ठेवला? लाख ही थाप असेल. पण तो पाव, मला वाटते, थाप नव्हती. अर्थात हा माझ्या मास्तरकीचा चाळा असू शकेल. एखाद्या शब्दाला तीस वर्षे फळ्यावर फोडून दाखवणाऱ्याला त्यात काही ना काही सापडतेच.

आणि मूठ काय एकट्या दिवाळखोराचीच असते? मृताला देतात ती मूठमाती. आणि मृगात पेरणारीण तिफणीच्या चाड्यावर धरते तीही मूठच. ही तिसरी मूठ मी लहानपणी फार जवळून पाहिली आहे. आमची आजी चाड्यावर मूठ धरण्यात वाकबगार होती. तिच्या बोटांच्या फटी इतक्याच सैल असत की दाणा अडू नये आणि सांडूही नये. ती मूठ ना झाकलेली, ना उघडी. पाऊस हुलकावणी देतो आहे असे दिसले तरी माणसे धूळपेरणी करीत, कोरड्या मातीत बी टाकून आभाळाकडे बघत बसत, आणि ते फसले की दुबार पेरणीसाठी सावकाराच्या दारी जात. गव्हाच्या दाण्याने जमिनीत मरावे तेव्हा कोठे पीक येते, या आशयाचा येशूचा दृष्टान्त योहानाने दिला आहे. प्रार्थनामंदिरात तो ऐकून आली की आजी अस्वस्थ होई. "मेलेलं बी कुठं उगवतं, लेकरा?" ती म्हणे, आणि थोड्या वेळाने, "पण त्यानं सांगितलंय, तर असंल काहीतरी." इतका प्रामाणिक संशय आणि इतकी प्रामाणिक श्रद्धा एका दमात मी पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकली नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी प्रायश्चित्त घेऊन परतावे म्हणून इकडची माणसे वाट पाहत राहिली आणि पत्नीने यावे म्हणून तिकडे ते. काही वर्षांनी लक्ष्मीबाई स्वतःच निघाल्या, आणि 1900 साली त्यांनीही तोच मार्ग पत्करला. ज्याची वाट पाहिली तो परत आलाच नाही. वाट पाहणारीच वाटेला लागली. याला आशा फळाला येणे म्हणावे की आशेने धनीच बदलणे, हे मला ठरवता येत नाही.

आजीच्या बियाण्याचे एक गाडगे असे. निवडक बाजरी राखेत कालवून ती त्यात भरी, आणि तोंडाला झाकणी ठेवून शेणमातीने लिंपून टाकी. मृगापर्यंत त्याला हात लावण्याची मुभा कोणालाही नव्हती. 1972च्या दुष्काळाने पुढचा उन्हाळाही गिळला. घरातली मोठी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, रेशनची तांबडी मिलो ज्वारी नि सुकडी यांवर दिवस निघे, आणि त्या घरात ते गाडगे तसेच लिंपलेले उतरंडीवर बसलेले होते. त्या उन्हाळ्यात ईस्टर 22 एप्रिलला होता. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, सगळे कामावर गेलेले पाहून मी ते खाली घेतले आणि लिंपण फोडले. भुकेने फोडले, असे मी पुढे कितीदा तरी सांगितले, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. पण ते खरे नाही. मला फक्त पाहायचे होते, आत काही आहे की नाही.

आत राख होती. मी हात घातला नाही.

संध्याकाळी आजीने फुटलेले लिंपण पाहिले. ती रागावली नाही, काही विचारलेही नाही. तिने शेणमाती कालवली आणि तोंड पुन्हा बंद केले. इतकी वर्षे मी त्या मौनाला क्षमा समजत आलो. आज मात्र असे वाटते की, तिनेही माझ्या अगोदर कधीतरी, एखाद्या कोरड्या दुपारी, ते उघडून पाहिले असेल, आणि राखेखाली हात न घालता तशीच परतली असेल.

शेवगावकडच्या रस्त्यावर मघाशी एका ट्रॅक्टरचा उजेड दिसला. म्हातारी उठून उभी राहिली. तो गावात न वळता पुढे गेला, तशी ती खाली बसली आणि पदरातला लसूण पुन्हा सोलू लागली. तिला काही बोलावे असे मला वाटले, पण रविवार ठाऊक असलेल्याने ठाऊक नसलेल्याला काय सांगावे?

त्या वर्षी पाऊस चांगला झाला, एवढे स्मरते. पण त्या गाडग्यातली बाजरी उगवली की नाही, हे कितीही आठवले तरी आठवत नाही.